तांबीची लेक

राजूबाईनं उभ्या आयुष्यात एकच सौदा स्वतःच्या तोंडानं केला. मेंढरं, लोकर, घोंगडी यांचे सौदे नवरा करायचा, ती मागं उभी राहून पदराआड ऐकायची. हा एक मात्र तिनं केला, तोही गुंडेरावांसारख्या आडत्याशी, आणि आपण त्याला चांगलं बनवलं म्हणून आठ-दहा दिवस चुलीपुढं बसून एकटीच हसायची. ते हसू कसं जिरलं ते सांगते.

म्हैसूर राज्याचं नाव बदलून कर्नाटक झालं त्याला दीड-दोन वर्षं झाली होती. चिटगुप्प्यापासून दीड कोसावर धनगरांची दहा-बारा घरं, त्यात कडेचं घर राजूबाईचं. नवरा रेवणसिद्धप्पा मेंढरं कातरण्यात नावाजलेला. पाच-सहा गावांत कातरणीचा दिवस ठरला की आधी त्याला निरोप जायचा. अंगाला ओरखडा न काढता तो लोकर अशी उतरवायचा की सोडलेली मेंढी घटकाभर आपल्याच अंगाकडं बघत राहायची. घरची मेंढरं पन्नासेक, सगळी काळी, आणि त्यांच्यावर राखण तांबीची.

तांबी म्हणजे त्यांची कुत्री. पायानं लांब, तोंडानं निमुळती, रंग घासलेल्या घागरीसारखा. ती कोहिनूरहून, राजूबाईच्या माहेराहून आलेली. धनगर राखणीच्या कुत्रीचं पिल्लू विकत नाहीत. ज्याला पाहिजे त्यानं नारळ आणि शेरभर जोंधळे घेऊन यायचं, आणि लेक मागावी तसं मागून न्यायचं. नेलेलं पिल्लू आधी मेंढीला लावायचं. मेंढीच्या दुधावर वाढलं की ते मेंढरांना आपली माणसं समजतं. तांबी अशी वाढलेली. लांडगा आला तर ती भुंकत बसायची नाही, आधी मेंढरांना गोळा करायची आणि मग जायची. पण आता तिचं वय झालं होतं. गेल्या वर्षीची पिल्लं रोगानं गेली. एक वेत अजून, फार तर दोन, असं राजूबाईला वाटायचं. त्या वेतातून राखणीला एखादा दमदार कुत्रा मिळावा, एवढंच तिचं मागणं.

अशात गुंडेराव शेतात आले. त्यांच्या शेतात तेव्हा राजूबाईची मेंढरं बसवलेली होती. मेंढरं रात्रभर शेतात बसली की खत होतं, त्याबदली शेतवाला धान्य देतो. आमच्याकडची जुनी रीत. पण मालक कधी खुद्द येत नसतो. गुंडेराव आले, सोबत कलाबाई, त्यांची बायको, आणि कलाबाईच्या हातात दोरी, आणि दोरीला एक पांढरं, कुरळं, गुडघ्याएवढं जनावर.

राजूबाईला आधी वाटलं, यांनी कोकरू पाळलं. मग ते भुंकलं.

"हे पुडल हाय," कलाबाई म्हणाल्या. "टॉनी नाव. माझ्या भावानं हैदराबादहून आणून दिलं. केस गळत न्हाईत ह्याचे. अंगाला वास न्हाई. देवघरात गेलं तरी चालतंय."

"मग कुत्रं कशाला मनायचं त्याला," राजूबाई म्हणाली.

गुंडेराव हसले. माणूस गोड. कुणाला अगं-जागं करायचे नाहीत. म्हणाले, "राजूबाई, तुमची तांबी एका खेपेला द्या. आमच्या टॉनीची पिल्लं पाहिजेत. गावात निम्म्या घरांनी मागून ठेवलीत. तहसीलदाराची बायको तर रोज माणूस पाठवायली."

राजूबाईनं एकदा टॉनीकडं बघितलं, एकदा तांबीकडं. "अण्णा, ती त्याला मानगुटीला धरून मेंढीजवळ नेऊन सोडंल. आईपासून चुकलंय मनून."

रेवणसिद्धप्पा मागून खाकरला. पण गुंडेरावांनी मनावर घेतलं नाही. म्हणाले, "उन्हाळाभर माझ्या विहिरीवर मेंढरं पाजा. शेतात पडलेला कडबा बी तुमचा. आन पिल्लं वाटून घिऊ. कसं वाटायचं ते तुम्हीच बोला."

तिथं राजूबाईचं डोकं चाललं. उन्हाळ्याच्या पाण्याची सोय होईल, आणि बाप कसाही असो, मेंढीच्या दुधावर वाढलेला तांबीचा नर राखणीला चालेल. कळपाला राखण नराची. मादी वर्षातून दोनदा बाळंतपणात अडकते, तेवढे दिवस कळप उघडा. तांबीसारखी मादी शंभरात एक. शिवाय मादी म्हणजे लेक, ती परक्या घरी जायचीच. म्हणून ती पटकन बोलली, "नर आमचे. माद्या तुमच्या."

गुंडेरावांनी जीवावर आल्यासारखा चेहरा केला. मग म्हणाले, "बरं. तुमच्या मनासारखं हू द्या."

ते गेल्यावर राजूबाई नवऱ्याला म्हणाली, "बगितलाव? आडत्या असून माद्या घिऊन चाललाय." रेवणसिद्धप्पाही हसला. दोघांच्याही ध्यानात आलं नाही की गुंडेरावांना राखायला कळप नव्हता. त्यांना पिल्लं पाहिजे होती, आणि पिल्लं नराला होत नाहीत.

*

तांबीला तीन पिल्लं झाली. दोन नर, एक मादी. मादी एवढीशी, उंदरासारखी. दूध ओढायची ताकद नाही. राजूबाईनं तिला बोळ्यानं मेंढीचं दूध पाजलं. दोन महिने ती राजूबाईच्या पदरात झोपली. नाव काही ठेवलं नाही, परक्याच्या घरी जाणारीला नाव कशाला, पण तोंडातून आपोआप बारकी यायचं, ते तसंच राहिलं.

कुरळं मात्र एकही निघालं नाही. महिनाभरानं तिघांनाही मिशा फुटल्या, हनुवटीखाली दाढ्या आल्या, अंगावर ताठ राठ केस. कलाबाई बघायला आल्या आणि त्यांचं तोंड उतरलं. "अगं बाई, हे तर बोकड दिसायलंय."

राजूबाईला वाटलं, आता ह्या बारकीला नेणार नाहीत. तिला बरंच वाटलं. पण गुंडेरावांनी हैदराबादच्या मेव्हण्याला विचारलं असणार. आठ दिवसांनी ते स्वतः आले आणि बारकीला घेऊन गेले. नारळ आणला नव्हता, जोंधळेही नव्हते. राजूबाईनं मागितलेही नाहीत. त्यांच्यात ती रीत नाही, आणि सौदा तर तिनंच केला होता.

एक नर कोहिनूरला भावाकडं गेला. दुसरा घरी राहिला, त्याचं नाव दाढ्या. कुत्रा मनानं चांगला, अंगानं मात्र वैताग. रानात गेला की कुसळं, गोखरू, सगळं गवत त्याच्या अंगावर घरी यायचं. कानात कुसळ शिरलं की दोन-दोन दिवस डोकं झाडत बसायचा. मेंढरांबरोबर त्यालाही वर्षातून दोनदा कातरावं लागायचं. तो मुकाट्यानं आडवा व्हायचा, बाजूची मेंढी आडवी व्हायची तसा. मेंढीच्या दुधाचा तेवढा गुण.

कातरायचं काम रेवणसिद्धप्पाला टॉनीचंही लागलं. ज्या कुत्र्याचे केस गळत नाहीत त्याचे केस वाढतात, हे कलाबाईंच्या भावानं सांगितलं नव्हतं. सहा महिन्यांत टॉनीच्या काखेत केसांच्या गाठी झाल्या, खाली कातडी लाल. रेवणसिद्धप्पानं पहिल्या दिवशी त्याला मेंढीच्या रीतीनं घेतलं: चारी पाय एकत्र बांधले, कुशीवर पाडलं, पोटापासून कातर चालवली. टॉनीनं त्याच्या अंगठ्याचा लचका काढला. दुसऱ्या खेपेला कलाबाईंनी कुत्र्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्याला बिस्कुटं चारली. मग जमलं. कातरून झाल्यावर रेवणसिद्धप्पाला ओसरीवर खुर्ची दिली आणि कपबशीत चहा.

खुर्चीची गोष्ट त्यानं घरी येऊन दोनदा सांगितली.

*

वर्ष व्हायच्या आत तो असाच एकदा टॉनीला कातरून आला आणि जेवताना म्हणाला, "बारकी गाभण हाय."

राजूबाईचा हात परातीतच थांबला. "कुणावर लावली?"

"टॉनीवर."

"टॉनी बाप हाय तिचा."

"व्हय. पन तसं केलं की पिल्लं कुरळी हुतेत मनायलेत. कुत्र्याला कुठला आलाय बाप?"

हे रेवणसिद्धप्पानं म्हणावं. दर दोन वर्षांनी हाच माणूस कळपातला नर दोरीला धरून दोन दिवस चालत कोहिनूरला जायचा, तो मेव्हण्याच्या कळपात सोडायचा आणि तिथला घेऊन यायचा. नर कितीही भारी असो, त्याच्या लेकी वयात यायच्या आत तो कळपातून गेलाच पाहिजे. नाहीतर कोकरं लुळी होतात, लोकर विरळ येते. त्याच्या बापानं हे केलं, आज्यानं केलं. एका वर्षी नर आजारी पडून महिनाभर उशीर झाला, तर ह्या माणसाला झोप नव्हती.

"मेंढरातबी आपून बापाखाली लेक देत न्हाई," राजूबाई म्हणाली.

"मेंढरं आपली हैत. बारकी त्यांची हाय. तूच दिलीस की."

तो बोलला ते खरंच होतं, म्हणून तिला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी ती चिटगुप्प्याला गेली. गुंडेरावांच्या घरापुढं जनावरांच्या दवाखान्यातला नागनाथ कंपौंडर उभा होता, टॉनीला सुई टोचायला आलेला. त्याचा बाप गावातली मेलेली जनावरं ओढायचा. छप्पन साली धर्म बदलला तेव्हा त्यानं त्या दिवसापासून दोरी टाकली आणि पोराला शाळेत घातलं. आता ज्यांनी बापाला गोठ्यात पाय ठेवू दिला नाही, ते लेकासाठी गाईची शेपूट धरून उभे राहतात. तरी गुंडेरावांच्या घरी नागनाथ पायरीखालीच उभा होता आणि त्याच्या ओंजळीत पाणी वरून ओतलं जात होतं. टॉनी आत गादीवर. हे कुणाला वावगं वाटत नव्हतं, कारण टॉनीचे केस गळत नव्हते.

राजूबाई ओसरीच्या कडेला टेकली. म्हणाली, "अण्णा, तुम्ही बापाला लेक लावलाव मनं."

गुंडेराव सुपारी कातरत होते. "राजूबाई, गल्लीतल्या कुत्र्यांना कोन नातं विचारतंय?"

"गल्लीतली आपल्या मर्जीनं जातेत, आपल्या मर्जीनं पळतेत. हिला तुम्ही खोलीत कोंडून लावलाव."

कलाबाईंनी मान खाली घातली. गुंडेराव मात्र शांत. "ह्याला जात सुधरणं मनतेत. तुमच्या देवणी गाईला सरकार जर्सीची सुई देतंय का न्हाई? विचारा ह्या नागनाथला."

नागनाथ ओंजळीतलं पाणी पुसत म्हणाला, "देतंय की सावकार. पन वहीत लिवून देतंय. कुठल्या वळूची, कुठल्या साली. त्याच्या लेकीला पुन्हा त्याचीच सुई दिली तर साहेब मला घरी बसवतेल."

"तुला कुनी विचारलं?" गुंडेराव म्हणाले. आत्ताच आपणच विचारलं होतं हे ते विसरले.

बारकी मागच्या खोलीच्या दारात बांधलेली होती. गळ्यात लाल पट्टा, घरचं नाव रूबी. पोट खाली आलेलं. राजूबाईला बघून तिनं शेपूट हलवली, पण टॉनीला बघूनही हलवली, सुपारीच्या अडकित्त्याचा आवाज आला तेव्हाही हलवली. ती कुणाचीही होऊन राहणारी कुत्री झाली होती.

पाच पिल्लं झाली. तीन कुरळी, अगदी कापसाच्या बोंडासारखी. ती दूध तुटायच्या आतच गेली. एक तहसीलदाराकडं, एक हुमनाबादच्या वकिलाकडं, एक गुलबर्ग्याला. चौथ्याचे डोळे उघडले तेच दुधासारखे पांढरे. पाचव्याचे मागचे पाय जमिनीवर घासायचे. ही दोन गुंडेरावांनी रेवणसिद्धप्पाच्या पिशवीत घालून दिली. "तुमच्या मेंढरात खपून जातेल," म्हणाले.

खपली म्हणायची. आंधळं तीन दिवसांत, लुळं पंधरा दिवसांत. राजूबाईनं बोरीच्या बुडाला खड्डा केला. रेवणसिद्धप्पानं कुदळ आणून दिली, पण थांबला नाही. त्याला टॉनीला कातरायला जायचं होतं.

*

त्यानंतरची दोन वर्षं चिटगुप्प्यात कुरळ्या कुत्र्यांचं वेड होतं. ज्या घरात कुत्रं शिवलं तर बाई पुन्हा अंघोळ करायची, त्या घरात कुत्रं पलंगावर चढलं. लग्नाच्या फोटोत बसलं. साखर कारखान्याच्या साहेबांच्या बायका जीपगाडीतून गुंडेरावांच्या दारात यायच्या आणि पुढच्या वेतातलं पिल्लू सांगून ठेवायच्या. पिल्लं घेणाऱ्यांना कुणी सांगायचं नाही की आईबाप कोण. कुणी विचारलं तर गुंडेराव म्हणायचे, "खानदान अस्सल हाय, घरातल्या घरातलं." हे तर खोटं नव्हतं.

घेणारे लोक वाईट नव्हते हो. पिल्लू मांडीवर घेतलं की कुणाचाही जीव जडेल असलं ते जनावर. पण सहा महिन्यांनी त्याच्या अंगावर केसांच्या गाठी व्हायच्या, कान वाहायचे, मग घरच्या बाईला वास यायला लागायचा. मग रेवणसिद्धप्पाला बोलावणं. तो आता धोतर सोडून पायजमा घालायला लागला होता. कातर तेलात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून काखेत मारायचा आणि हुमनाबादची मोटार धरायचा. मेंढरांची कातरणी दुसऱ्यावर ढकलायचा. राजूबाई काही बोलली की म्हणायचा, "मेंढरानं मला कधी खुर्ची दिली का?"

मोठी झालेली काही कुत्री रस्त्यावर दिसायला लागली. साहेबाची बदली झाली की कुत्रं मागं राहायचं. ती बाजारात गाड्यांखाली बसायची. गावठी कुत्री त्यांना चावायची, कारण त्यांच्या डोळ्यांवर इतके केस यायचे की त्यांना कोण कुठून आलं ते दिसायचंच नाही.

आणि बारकी दर सहा महिन्यांनी विणार. एक वेत गेलं की दुसरं. राजूबाई बाजाराच्या दिवशी मुद्दाम त्या गल्लीतून जायची. दर वेळी बारकी आदल्या वेळेपेक्षा लहान झालेली. पाठीचा कणा वर आलेला, सडं जमिनीला टेकलेली, तोंडातले पुढचे दात पडलेले. तीन वर्षांची कुत्री, म्हातारी दिसायची. घरी तांबी दहाची होती आणि अजून कळपापुढं चालायची.

राजूबाईनं किती परीनं मागितली. म्हणाली, दाढ्या घ्या आणि बारकी द्या. गुंडेराव म्हणाले, "बोकड घिऊन काय करू?" म्हणाली, दोन उन्हाळे मेंढरं फुकट बसवते, धान्य नको. गुंडेराव म्हणाले, "विचार करू." नवऱ्याला म्हणाली, तुम्ही सांगा, तुमचं ऐकतेत. तो म्हणाला, "त्येंच्यामुळं चार बंगले हिंडायलोय मी. एका कुत्रीपायी त्येंच्याशी वाकडं घिऊ का?"

चौथ्या वेतात बारकी मरता मरता वाचली. दोन पिल्लं पोटातच अडकली होती, नागनाथनं हात घालून काढली. त्यानंतर ती उठेचना. तेव्हा गुंडेरावांना राजूबाईची आठवण झाली. बारकीला पोत्यावर घालून, बैलगाडीत ठेवून पाठवली. निरोप असा: महिनाभर मेंढीचं दूध पाजा, अंग धरू द्या, दिवाळीच्या आधी पाठवून द्या. दिवाळीनंतर ती पुन्हा माजावर येणार होती.

राजूबाईनं दूध पाजलं. भिजवलेली भाकर चारली. पंधरा दिवसांत बारकी उभी राहिली. विसाव्या दिवशी दाढ्याच्या मागं ओढ्यापर्यंत गेली. राजूबाई बघत राहायची आणि तिचा जीव आणखीच खचायचा. ती जेवढी बरी करेल तेवढ्या लवकर कुत्री परत जाणार. तिला चांगली करणं म्हणजे त्या खोलीसाठी तयार करणं.

मग तिला आपलं ऑपरेशन आठवलं. तिसऱ्या पोरानंतर शाळेत कुटुंबनियोजनाचा कॅम्प लागला होता, तिथं बाकड्यावर झालेलं. ती नागनाथकडं गेली.

"नागनाथ, बायांचं करतेत तसं कुत्रीचं हुतंय का?"

नागनाथनं तिच्याकडं नीट बघितलं. "हुतंय. पन राजूअक्का, तुमची नुसती नस बांधतेत. हिची पिशवीच काढावी लागती. मग माजावरच येत न्हाई." मग म्हणाला, "डॉक्टरसाहेब गुरुवारी येतेत. पन मालकाची सही लागती."

"सही मला येती. नावापुरती."

"मालकाची मनलो मी."

"व्हय. कळलं."

गुरुवारी तिनं बारकीला घोंगडीत गुंडाळून डोक्यावर घेतली आणि दीड कोस चालत गेली. डॉक्टर नवा होता, म्हैसूरकडचा, कानडी बोलणारा. त्यानं विचारलं, कुत्री कुणाची? राजूबाई कानडीत म्हणाली, "नम्दे." आमचीच. हे बोलताना तिला खोटं बोलतोय असं वाटलंच नाही. बोळ्यानं दूध तिनं पाजलं होतं. वहीत तिनं नाव काढलं, एक-एक अक्षर जुळवत. नागनाथ खिडकीतून बाहेर बघत होता.

बारकी टेबलावर पडली होती. सुई टोचायच्या आधी तिनं राजूबाईचा हात चाटला. कुत्र्याला काय कळतंय. पण राजूबाईला त्या वेळी वाटून गेलं की हिला आत्तापर्यंत कुणी काही विचारलं नाही, आणि मीही विचारत नाही. ते वाटणं तिनं तिथंच दाबून टाकलं. पुढं ते कधीमधी वर यायचं, मेंढरं पाजताना, भाकर थापताना.

*

दिवाळीच्या आधी बारकीला परत पाठवली. पाठवायच्या आदल्या दिवशी रेवणसिद्धप्पा तिला कातरायला बसला आणि पोटावर त्याची कातर थांबली.

"हे काय?"

राजूबाईनं बारकीचं डोकं मांडीवर घेतलं.

त्यानं टाक्यांची जागा बोटानं चाचपली. मेंढरांच्या अंगावर आयुष्य काढलेला माणूस, त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. उरलेलं अंग त्यानं कातरलं, पोटाच्या कडेचे केस तेवढे टाके झाकायला राहू दिले. गुंडेरावांना त्यानं सांगितलं नाही. बायकोशी मात्र बोलायचं सोडलं. कामापुरतं बोलायचा, तेही दाढ्याकडं बघून.

संक्रांत गेली, शिमगा गेला, बारकी माजावर आली नाही. गुंडेरावांनी तिला दवाखान्यात दाखवली. डॉक्टरनं वही काढून दाखवली. त्यात राजूबाईचं नाव होतं, ओळीबाहेर गेलेलं.

गुंडेराव आरडाओरडा करणारे नव्हतेच. ते शेतात आले, पहिल्यांदा आले होते तसे. म्हणाले, "राजूबाई, मी तुमच्यावर विश्वास ठेवून जनावर पाठवलं हुतं."

"व्हय, अण्णा."

"हे बरं केलं न्हाई."

"न्हाई केलं," ती म्हणाली. "पन तुम्हीबी न्हाई केलं."

"मेंढरं उद्या उठवा." एवढंच बोलून ते गेले. संध्याकाळी गाडीवाल्यानं बारकीला आणून सोडलं. गळ्यातला लाल पट्टा काढून घेतला होता.

राजूबाईला वाटलं, सुटली. मेंढरं दुसऱ्या शेतात बसवता येतील. बारकी आता तांबीजवळ, दाढ्याजवळ राहील. पण चार दिवसांनी कळलं की नागनाथची बदली झाली, औरादला. सुई टोचणाऱ्या हाताखालच्या माणसाची बदली, आणि कापणारा डॉक्टर तिथंच. कागद कुणाच्या सांगण्यावरून आला हे वरच्यांना ठाऊक. राजूबाई त्याच्या घरी गेली. त्याची बायको भांडी पोत्यात भरत होती, तिनं बस म्हटलं नाही.

"माझ्यापायी झालं, नागनाथ."

"माझ्यापायी बी झालं. खिडकीतून बाहेर मीच बगत हुतो की." तो दोरी आवळत होता. "अक्का, एक सांगू? गुंडेरावानं बारकीच्या दोन लेकी ठिवून घेतल्यात. मागच्याच वर्षी. टॉनी अजून हायच."

राजूबाई उंबऱ्यात उभी राहिली. मग म्हणाली, "दोघींनाबी त्येच्यावरच?"

"दुसरा कुठाय पुडल?"

*

बारकी राजूबाईकडं तीन दिवस राहिली. मेंढरं तिला बघून पांगायची, कारण ती मेंढरं हाकायची नाही, त्यांच्यात शिरून खेळायला बघायची. तांबीनं एकदा हुंगलं आणि पाठ फिरवली. चौथ्या दिवशी बारकी दिसेना. राजूबाई चिटगुप्प्याला गेली तर ती गुंडेरावांच्या पायरीवर बसलेली. दार बंद. राजूबाईनं उचलून आणली. आठ दिवसांनी पुन्हा गेली. पुन्हा आणली. दोरीला बांधली तर दोरीकडं बघत उपाशी राहायची. पुढचे दात नव्हते, कडेच्या दातांनी दोरी चावत बसायची.

तिसऱ्या खेपेला कलाबाई खिडकीत आल्या. हळूच म्हणाल्या, "अक्का, मी काय घालत न्हाई हो तिला. हे रागं भरतेत. तरी बसती."

"आत काय हाय तिचं?"

"काय असायचंय," कलाबाई म्हणाल्या. आत कुठंतरी बारीक पिल्लांची कुईकुई चालली होती. बारकीचे कान दाराकडं होते.

राजूबाईनं तिला त्या दिवशी उचललं नाही. तिचं घर तिनं ठरवलं होतं आणि ते काही राजूबाईनं ठरवलेलं नव्हतं. तिच्याकडून पिशवी काढून घेता आली, त्या दाराची ओढ नाही. येताना ती बाजारात मीठ घ्यायचं विसरली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ती गल्लीच्या तोंडाशी उभी होती. बारकी पायरीवर आडवी पडलेली, डोळ्यांवर केस, अंगावर गाठी. समोरून रेवणसिद्धप्पा आला, धुतलेला पायजमा, काखेत फडक्यातली कातर. त्यानं बायकोला बघितलं नाही. दार उघडलं. पायरीवर कुत्री आडवी होती, त्यानं पाय जरा उंच उचलला, तिच्यावरून पलीकडं टाकला आणि आत गेला. आतल्या दोघींना कातरायचं होतं. दार लागलं.

संध्याकाळी तो घरी आला. राजूबाईनं ताट वाढलं. कितीतरी महिन्यांनी तिनंच आधी तोंड उघडलं.

"बारकी दिसली का तिकडं?"

त्यानं भाकर मोडली, कोरड्यासात बुडवली. "न्हाई बा. माझं ध्यान न्हाई गेलं."

राजूबाईनं तव्यावरची दुसरी भाकर उलटली, शेकली, आणि त्याच्या ताटात टाकली.